दोन अजिंक्यपदं, एकच माणूस: किअरन मॅकगीनी

२८ जुलै २०२४ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर आर्मा काउंटीने गॉलवेला एका गुणाने हरवून गेलिक फुटबॉलचं ऑल-आयर्लंड अजिंक्यपद पटकावलं. काउंटीच्या इतिहासातलं हे दुसरंच. पहिलं २००२ चं. तेव्हा कर्णधार होता किअरन मॅकगीनी आणि २०२४ चा प्रशिक्षकही तोच.

आर्मा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत येतं. पण १८८४ साली थर्ल्स गावात स्थापन झालेली या खेळाची संघटना, गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, सीमा मानत नाही, त्यामुळे ही स्पर्धा अख्ख्या बेटाची. दक्षिण आर्मा तर सीमेला भिडलेलं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतल्या हिंसक अशांततेच्या काळात तिथल्या क्रॉसमॅग्लेन क्लबच्या मैदानाला खेटून ब्रिटिश सैन्याचा तळ होता आणि मैदानाचा काही भाग सैन्याच्याच ताब्यात होता. मॅकगीनीचं मुलाबॉन हे गाव याच पट्ट्यातलं. या भागाला अजिंक्यपदाची आस किती जुनी होती, हे दोन हरलेल्या अंतिम सामन्यांवरून कळतं. १९५३ साली केरीविरुद्ध आर्माची पेनल्टी हुकली आणि सामना गेला. १९७७ मध्ये डब्लिनने धुव्वा उडवला.

खेळ थोडक्यात सांगायचा तर प्रत्येक संघात पंधरा खेळाडू, एच आकाराचे गोलखांब. आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक गुण (२०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन), खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. काउंटी बहुधा जन्माने ठरते आणि मानधन कुणालाच नाही. मॅकगीनी सहा नंबरच्या जर्सीत, सेंटर हाफ-बॅकला खेळायचा. बचावफळीच्या मधोमध उभं राहून समोरच्यांची चाल आधीच ओळखायची आणि आपल्या माणसांना जागेवर ठेवायचं, हे त्याचं काम.

१९९५ मध्ये मुलाबॉनबरोबर त्याने अल्स्टर प्रांताचं क्लब विजेतेपद मिळवलं. पुढे डब्लिनमध्ये राहताना तो ना फिआना क्लबकडून खेळू लागला, पण काउंटी मात्र आर्माच राहिली. २००० च्या ऑल-आयर्लंड क्लब अंतिम सामन्यात ना फिआनासमोर नेमका क्रॉसमॅग्लेन आला. आर्मासाठी खांद्याला खांदा लावून खेळणारेच सोबती त्या दिवशी समोर होते, आणि तेच जिंकले.

२००२ चा अंतिम सामना पुन्हा केरीशीच. मध्यंतराला आर्मा चार गुणांनी मागे, आणि ओशीन मॅकॉनव्हिलची पेनल्टी नुकतीच हुकलेली. १९५३ आठवणाऱ्यांच्या पोटात तेव्हा गोळाच आला असेल. प्रशिक्षक जो कर्नन स्वतः १९७७ च्या पराभूत संघात होता. उपविजेत्यांना मिळालेलं ते स्मृतिचिन्ह त्याने ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंना दाखवलं आणि भिंतीवर आपटून फोडलं. दुसऱ्या सत्रात त्याच मॅकॉनव्हिलने गोल केला. शेवटच्या पंधरा मिनिटांत केरीला एकही गुण मिळाला नाही. आर्मा १-१२ (एक गोल, बारा गुण), केरी ०-१४, म्हणजे पंधरा विरुद्ध चौदा. त्या कोरड्या पंधरा मिनिटांत मॅकगीनीच्या बचावफळीचं सगळं मोल दिसतं, असं मला वाटतं. वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटूही तोच ठरला.

२००३ च्या अंतिम सामन्यात शेजारच्या टिरोनने हरवलं. अल्स्टरची सहा पदकं खात्यात जमा करून २००७ मध्ये मॅकगीनी निवृत्त झाला.

लगेच त्याने किल्डेअर काउंटीच्या प्रशिक्षकपदाची सूत्रं घेतली. २००८ मध्ये चॅम्पियनशिपच्या पहिल्याच सामन्यात विकलोकडून हार. दोन वर्षांनी मात्र तोच संघ ऑल-आयर्लंड उपांत्य फेरीत होता. तिथे डाउनविरुद्ध दोन गुणांनी मागे असताना शेवटची फ्री किक आडव्या दांड्यावर आदळली. आत गेली असती तर किल्डेअर अंतिम फेरीत होतं. २०१३ मध्ये क्लब प्रतिनिधींनी २९ विरुद्ध २८ मतांनी त्याला निरोप दिला. कुठल्याही प्रशिक्षकाच्या जिव्हारी लागावं असं हे एक मत.

२०१४ मध्ये आर्माने त्याच्याकडे संघ सोपवला. सुरुवातीचे काही हंगाम लीगच्या तिसऱ्या श्रेणीतही गेले, आणि पुढे पेनल्टीचं ग्रहण लागलं. २०२२ ची उपांत्यपूर्व फेरी गॉलवेविरुद्ध, २०२३ ची अल्स्टर अंतिम फेरी डेरीविरुद्ध, त्याच वर्षी उपांत्यपूर्व फेरी मोनाहनविरुद्ध, २०२४ ची अल्स्टर अंतिम फेरी डोनेगॉलविरुद्ध: चारही सामने शूटआउटमध्ये गमावले. काउंटीतच त्याला बदलायची मागणी झाली, २०२३ मध्ये क्लबांचं मतदानही झालं. इथे क्लब त्याच्या पाठीशी उभे राहिले. माझ्या मते २०२४ च्या करंडकात त्या मतदानाचा मोठा वाटा आहे.

उपांत्य फेरीत केरीला जादा वेळेत नमवलं. अंतिम सामन्यात बदली खेळाडू स्टेफन कॅम्बेलने गोलसमोर चेंडू आडवा टाकला आणि तो जाळ्यात ढकलायला पुढे आलेला होता आरन मॅके, आर्माचा फुल-बॅक. १-११ विरुद्ध ०-१३. सामन्यातला एकमेव गोल बचावपटूचा!

अल्स्टरचं विजेतेपद मात्र २०२५ मध्येही हुलकावणी देऊन गेलं. सलग तिसरी अंतिम फेरी गमावली, या वेळी डोनेगॉलविरुद्ध, जादा वेळेत, एका गुणाने. ऑल-आयर्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत केरीने ०-३२ विरुद्ध १-२१ असं हरवून करंडक काढून घेतला.