दावा ‘खर्चासह मंजूर’ झाला, तरी केलेला खर्च का मिळत नाही?

निकालात ‘खर्चासह’ हा शब्द दिसला की वकिलाला दिलेली सगळी फी परत मिळणार, असं पक्षकार धरून चालतो. हुकूमनाम्याची (निकालानुसार काढलेल्या अंतिम आदेशाची) नक्कल हातात आली की तळाचा खर्चाचा तक्ता पाहून त्याचा चेहरा उतरतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 35 नुसार खर्च कोणी आणि किती द्यायचा, हे ठरवणं न्यायालयाच्या मर्जीवर आहे. एरवी हरणारा देतो. तसं करायचं नसेल, तर न्यायाधीशांना लेखी कारण द्यावं लागतं. ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ एवढंच लिहून कारण दिलं नसेल, तर अपिलात हा मुद्दा जरूर घ्या. पण नुसती खर्चाची रक्कम कमी पडली म्हणून केलेलं अपील सहसा टिकत नाही. दावा अर्धाच मंजूर झाला, मागणी अवाच्या सवा होती किंवा कागद दडवून ठेवले होते, तर जिंकणाऱ्याचाही खर्च कापला जातो.

आता तो तक्ता. त्यात दाव्याची कोर्ट फी, वकीलपत्र आणि कागदपत्रांवरचे मुद्रांक, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, कोर्ट कमिशनरची फी आणि समन्स बजावणीचा खर्च येतो. यातली वकील फी म्हणजे तुम्ही मोजलेली रक्कम नव्हे. ती नियमांतल्या दराने काढतात. खर्च वाजवी आणि प्रत्यक्ष झालेला असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगितलं. पण त्यासाठी उच्च न्यायालयांचे नियम बदलायला हवेत, आणि घोडं तिथेच अडतं.

तक्त्याबाहेरचंही काही मागता येतं. याच संहितेच्या आदेश 20-अ मध्ये नोटिशीचा खर्च, टायपिंग, रेकॉर्ड तपासणीची फी, समन्स न काढता आणलेल्या साक्षीदाराचा खर्च आणि अपिलात नकलांची फी यांचा उल्लेख आहे. अडचण पुराव्याची. फी रोख दिलेली, पावती नाही. टायपिंगचं बिल कोणी जपलेलं नाही. निकाल लागल्यावर पावत्या शोधून उपयोग नसतो. युक्तिवाद संपण्यापूर्वी तारीखवार खर्चाची यादी पावत्यांसह दाखल करा आणि वाद-पत्राच्या किंवा कैफियतीच्या (प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या) विनंतीत खर्चाची मागणी आहे ना, तेही पाहा.

दावा धडधडीत खोटा असेल, तर कलम 35-अ खाली भरपाईचा खर्च मिळू शकतो. मात्र ‘हा दावा खोटा आहे आणि वादीला ते माहीत आहे’ असा आक्षेप आधी घेतलेला असावा लागतो. निकालानंतर आठवून चालत नाही. मर्यादा आहे 3000 रुपये. वर्षानुवर्षं खोट्या दाव्यात अडकलेल्याला ही रक्कम म्हणजे जखमेवर मीठच. व्यावसायिक न्यायालयांच्या 2015 च्या कायद्याखालच्या वादांत ही मर्यादा नाही. तिथे तडजोडीचा रास्त प्रस्ताव उगाच धुडकावला का, हेही पाहतात.

सगळ्यात महागात पडते ती कलम 35-ब ची मुदत. तारीख मागितली, न्यायालयाने ‘500 रुपये खर्च भरून तहकूब’ असा आदेश दिला, की पक्षकार समजतो, शेवटी हिशोबात वळते होतील. तसं नाही. ही रक्कम पुढच्याच तारखेला द्यायची असते. न दिल्यास वादीला दावा किंवा प्रतिवादीला बचाव पुढे चालवता येत नाही. दिलेली रक्कम जिंकल्यावरही हुकूमनाम्याच्या खर्चात धरली जात नाही. पैसे दिल्याची पुरसिस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देऊन त्याची रोजनाम्यात (तारखेनिहाय कामकाजाच्या नोंदवहीत) नोंद झाली का, ते स्वतः वाचा. अडचण असेल, तर मुदतवाढीचा अर्ज त्याच तारखेला द्या.

नक्कल मिळाली की तक्त्याची बेरीज तपासा. लिहिण्यातली किंवा आकड्यांची चूक कलम 152 च्या अर्जाने केव्हाही दुरुस्त होते, पण कधी मागितलाच नव्हता तो खर्च या वाटेने आत घुसवता येत नाही. समोरचा देत नसेल, तर दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज) दाखल करावी लागते. मुदत 12 वर्षं.