इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स

(१९५६). अमेरिकन विज्ञान-भयपट. दिग्दर्शक डॉन सीगल, निर्माते वॉल्टर वँगर, पटकथा डॅनिअल मेनवेअरिंग. जॅक फिनी यांची मूळ कथा १९५४ मध्ये ‘कॉलिअर्स’ नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. कृष्णधवल, लांबी ८० मिनिटे.

कॅलिफोर्नियातील सँटा मिरा या काल्पनिक गावात डॉ. माइल्स बेनेल (केव्हिन मॅकार्थी) परततो, तेव्हा लोकांची तक्रार एकच असते : घरातले माणूस आपले राहिलेले नाही. विल्माच्या काकांचा चेहरा, आवाज, आठवणी, सगळे जिथल्या तिथे आहे. फक्त तिच्याकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत दिसणारी माया गेली आहे. अवकाशातून आलेल्या बियांना मोठमोठ्या शेंगा धरतात, त्यांत माणसाची हुबेहूब प्रत वाढते आणि माणूस झोपला की ती त्याची जागा घेते. हा परकायाप्रवेश नव्हे. तिथे देह परका आणि आत शिरणारा ओळखीचा. इथे नेमके उलटे.

खर्च सुमारे ४ लाख डॉलर, चित्रीकरण जेमतेम तीन-चार आठवड्यांचे. फेसाळणाऱ्या शेंगांचा देखावा आज थोडा बाळबोध वाटतो; पण चित्रपट त्यावर उभाच नाही. राक्षस दाखवायचाच नसल्याने पैशांची चणचण इथे पथ्यावर पडली. सर्वांत भयंकर क्षण बोगद्यातला : माइल्स प्रेयसी बेकीचे (डेना विंटर) चुंबन घेतो, ती डोळे उघडते आणि तिला मधेच डुलकी लागली होती हे त्याला कळते. त्यासाठी लागला तो एक चेहरा.

कोणी यात साम्यवादाची भीती पाहिली, तर कोणी साम्यवादी असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या काळातील सक्तीच्या एकसाचीपणावरची टीका. चित्रपट दोन्ही वाचने पचवतो, आणि म्हणूनच तो शीतयुद्धाबरोबर विझला नाही. शेवट मात्र निर्मितिसंस्थेने सौम्य करायला लावला. महामार्गावर गाड्यांमागे धावत ओरडणारा माइल्स हाच सीगल यांचा शेवट. रुग्णालयातील आरंभ आणि दिलाशाचा अंत नंतर जोडलेले आहेत. ते ठिगळ दिसते.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश. १९७८, १९९३ व २००७ मध्ये पुनर्निर्मिती. त्यांतील १९७८च्या फिलिप कॉफमन यांच्या चित्रपटात सीगल टॅक्सीचालकाच्या छोट्या भूमिकेत दिसतात. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर, बावीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या केव्हिन मॅकार्थींचे गाड्यांवर हात आपटत ओरडणे अजून चालूच असते.