गाडीला रुंद चाकं बसवायची आहेत? आरटीओ, विमा आणि कागदपत्रं: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाहनमालकांसाठी

स्पोर्ट्स कार घेतली की बाहेरचे रुंद अलॉय आणि जाड टायर टाकायची इच्छा होतेच. मग प्रश्न पडतो, यासाठी आरटीओत कोणता फॉर्म भरायचा? खासगी गाडीच्या चाकांसाठी असा वेगळा फॉर्मच नाही. तुम्ही निवडलेलं माप कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांत बसतं की नाही, यावर सगळं ठरतं. बसत असेल तर काम बिलं सांभाळण्याचं आणि विमा कंपनीला कळवण्याचं. बसत नसेल, तर एमएच 18, 19 किंवा 39 यापैकी कुठल्याही कार्यालयात एजंटाला पैसे देऊन ते कायदेशीर होत नाही. कुणी "करून देतो भाऊ" म्हणालं तरी पैसे देऊ नका.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीची मूळ वैशिष्ट्यं बदलतील असा रचनेतला फेरफार म्हणजे बदल, असं याच कलमात स्पष्ट केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. चाकं, कापलेलं मडगार्ड आणि आवाज करणारा सायलेन्सर हे तीन वेगळे बदल धरले जाऊ शकतात.

आरसीतल्या नोंदीवर परिणाम करणारा बदल झाला असेल, तर 14 दिवसांच्या आत आरसी आणि फी जोडून आरटीओला कळवावं लागतं. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक टाकले की मोबाइलवर ओटीपी येतो आणि "वाहनातील बदल" ही सेवा उघडते. पण कळवलं म्हणजे मंजूर झालं, असं मुळीच नाही. मडगार्ड कापून बाहेर काढलेली चाकं या अर्जाने नियमित होत नाहीत.

तुमचं माप पात्र आहे का

चालकाचं दार उघडा. दाराच्या खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, टायरची मापं आणि हवेचा दाब लिहिलेलं स्टिकर असतं. त्यावर बऱ्याचदा एकापेक्षा जास्त मापं असतात, कारण त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला मोठी चाकं येतात. खर्च करायचा तर याच यादीतल्या मापावर करा. स्टिकर पुसट झालं असेल, तर चेसिस नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

समजा मूळ टायर 205/55 आर16 आहे, म्हणजे 205 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के आणि रिम 16 इंचांचा. त्याची पूर्ण उंची साधारण 632 मिलिमीटर. 225/45 आर17 घेतला तर ती 634 होते, म्हणजे फरक नगण्य. पण "थोडा भरीव दिसतो" म्हणून 225/50 आर17 टाकला की उंची 657 होते, जवळपास चार टक्के जास्त. मग स्पीडोमीटर पूर्वीच्या मानाने वेग कमी दाखवतो आणि चाक आतल्या प्लास्टिकला घासायची शक्यता वाढते.

रुंदीपेक्षा जास्त फसवतो तो ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीचा जो भाग चाक धरतो त्याला) टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर. रिमच्या आतल्या बाजूला 7जे ईटी45 असं कोरलेलं असतं, म्हणजे रुंदी 7 इंच आणि ऑफसेट 45 मिलिमीटर. त्याजागी 8जे ईटी35 बसवलं, तर रिम फक्त एक इंच रुंद झाला असं वाटतं. प्रत्यक्षात बाहेरची कड जवळपास 23 मिलिमीटर बाहेर येते आणि आतली सुमारे 3 मिलिमीटर आत सरकते. बोल्टच्या वर्तुळाचं माप, म्हणजे पीसीडी, आणि हबचं भोक हेही जुळलंच पाहिजे. रिमचं भोक मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग लागते, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

टायरवर शेवटी 91डब्ल्यू असं लिहिलेलं असतं. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलोपर्यंत भार, डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किलोमीटरपर्यंतचा वेग. कंपनीने दिलेल्या अंक-अक्षरापेक्षा खाली जाऊ नका. धुळ्याहून सुरतेकडे किंवा आग्रा रोडवर उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या डांबरावर कमी क्षमतेचा टायर चालवणं म्हणजे घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालणं आहे. हवाही सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

कागदपत्रं

टायर आणि रिमचं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलावर माप, ब्रँड आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. टायरवर आयएसआय चिन्ह बघा. प्रवासी गाड्यांच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस 15633 आहे. रिमवर निर्मात्याचं नाव, माप आणि प्रमाणन चिन्ह नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. यासोबत आरसी, चालू विमा पॉलिसी, पीयूसी, स्टिकरचा फोटो आणि सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका फाइलमध्ये ठेवा.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. हायर-परचेसच्या गाडीसाठी नोंदणीकृत मालकाची संमती कलम 52 मध्येच सांगितली आहे.

चाकं बसवण्याआधी विमा कंपनीला लिहा. सोबत बिल आणि फोटो पाठवा. कंपनी तपासणी करून पॉलिसीत नोंद करते आणि वाढीव किंमतीवर जादा हप्ता मागू शकते. तो भरा. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दाव्यात वाद होतो, आणि तेव्हा कागद शोधण्यात अर्थ नसतो.

जुनी गाडी घेताना चाकं आधीच बदललेली असतील, तर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून मूळ चाकं आणि नव्या चाकांची बिलं मागा. ती नसतील तर किंमत त्याप्रमाणे कमी करून घ्या.

बसवल्यावर

चार माणसं बसवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग उजवीकडे वळवा, आणि गाडी हळू गतिरोधकावरून न्या. नंतर आतलं प्लास्टिक टॉर्चने बघा. घासलेला चकचकीत पट्टा दिसला तर चाक परत करा. कन्नड घाटातल्या वळणावर हे कळण्यापेक्षा गॅरेजसमोर कळलेलं बरं. चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने घट्ट करणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा.

मूळ चाकं विकू नका. नोंदणीला 15 वर्षं झाल्यावर नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. त्या वेळी तीच बसवून नेता येतात.