महापालिकेचा दिव्यांग निधी : सांगली-मिरज-कुपवाडमध्ये अर्ज करताना

महापालिका असो, नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा, असे राज्य सरकारचे आदेश आहेत. पूर्वी तो 3 टक्के होता. हा पैसा घरपट्टी-पाणीपट्टीसारख्या करांतूनच येतो, तेव्हा मागताना संकोच करायचं कारण नाही. दरमहा मदत द्यायची, व्हीलचेअर-श्रवणयंत्र द्यायचं की धंद्याला हातभार लावायचा, हे ती ती संस्था ठरवते. म्हणून मैत्रिणीला विट्यात मिळालं ते तुम्हाला मिरजेत मिळेलच असं नाही.

आधी हद्द बघा. हरिपूर, माधवनगर, बुधगावची मंडळी ‘आम्ही सांगलीचे’ म्हणतात, पण त्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत जातो. संजय गांधी निराधार योजनाही वेगळी. तिचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा.

पात्रतेचा मुख्य निकष म्हणजे किमान 40 टक्के दिव्यांगत्व. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले लोकही त्यात येतात, हे अनेक घरांत माहीतच नसतं. टक्केवारी सिद्ध होते ती यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्रावरून, म्हणून ते नसेल तर सुरुवात तिथूनच. स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जोडून नोंदणी करा आणि पावतीची प्रिंट घेऊन सरकारी रुग्णालयात तपासणीला जा. अस्थिव्यंग, डोळे, कान यांच्या तपासणीचे वार वेगवेगळे असू शकतात. सिव्हिलमध्ये आधी विचारून घ्या, नाहीतर व्हीलचेअरवरच्या माणसाला रिक्षातून आणून तसंच परत न्यावं लागतं. 2024 च्या सुधारित नियमांनुसार कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो : 40 पेक्षा कमी असेल तर पांढरा, 40 ते 80 च्या आत पिवळा, 80 आणि त्यावर निळा.

अर्जासोबत साधारणपणे यूडीआयडी कार्ड, आधार, रेशनकार्ड, रहिवासी पुरावा, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो लागतात. काही योजनांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, तर दरमहाच्या मदतीला हयातीचा दाखलाही मागतात. सगळ्या कागदांवर नाव एकच हवं. आपल्याकडे आधारवर ‘बाबासो’ आणि पासबुकावर ‘बाबासाहेब’ हा प्रकार घरोघरी. तेवढ्यावरून पैसे अडकू शकतात. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हेही बघून घ्या.

खरी अडचण भाडेकरूंची. रहिवासी पुरावा म्हणून घरपट्टीची पावती मागितली की त्यांची पंचाईत होते, कारण ती घरमालकाच्या नावावर असते. ज्याला मदतीची सर्वात जास्त गरज, तोच बऱ्याचदा भाड्याच्या खोलीत राहतो. अशा वेळी मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा भाडेकरार जोडा, आणि तरीही नाकारलं तर कारण लेखी मागा. दुसरी अडचण पालकांची. स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मूल 18 वर्षांचं झालं की त्याच्या वतीने व्यवहार करायला कायदेशीर पालकत्व लागू शकतं. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. कोर्टात जावं लागत नाही.

अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उद्या ‘तुमचा अर्जच आलेला नाही’ म्हणाले तर ही पोहोचच कामाला येते.

‘निधी नाही’ असं उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, फक्त पुरावा जोडायचा. तीनच गोष्टी विचारा : गेल्या आर्थिक वर्षातलं संस्थेचं स्वतःचं उत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती झाले आणि त्यातले प्रत्यक्ष खर्च किती. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. आकडे जुळत नसतील तर ते उत्तर आणि पोहोच जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते.