बारा की एकवीस? जुना फुल-फ्रेम कॅमेरा घेताना

निकॉनने डी७०० जाहीर केला जुलै २००८ मध्ये आणि कॅननने ५डी मार्क २ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. अमेरिकेत पहिल्याची किंमत २,९९९ डॉलर, दुसऱ्याची २,६९९. आपल्याकडे दोन्ही लाखाच्या पुढेच. जानेवारी २००९ मध्ये छायाचित्रकार पीट सूझा यांनी बराक ओबामांचं अधिकृत छायाचित्र काढलं ते याच कॅननवर. अमेरिकी अध्यक्षांचं डिजिटल कॅमेऱ्याने काढलेलं ते पहिलं अधिकृत छायाचित्र. आज हे दोन्ही फुल-फ्रेम कॅमेरे, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असलेले, सेकंडहँड बाजारात एखाद्या बऱ्या फोनच्या किमतीत मिळतात आणि फोटोग्राफीचं वेड नुकतंच लागलेला माणूस हमखास या दोघांपाशी येऊन अडकतो. निकॉन १२ मेगापिक्सेलचा, कॅनन २१ चा. एक गट म्हणतो, एकवीस ते एकवीस, त्यात विचार कसला करायचा! दुसरा म्हणतो, पिक्सेल मोठा तितका अंधारात चांगला, निकॉनला तोड नाही. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण दोघंही सोयीचं तेवढंच मोजतात.

आधी मेगापिक्सेल. निकॉनचा फोटो ४२५६ गुणिले २८३२ पिक्सेलचा, कॅननचा ५६१६ गुणिले ३७४४ चा. गुणाकार केला की कॅननकडे पाऊणपट जास्त पिक्सेल दिसतात. बारकावा मात्र लांबीत मोजायचा असतो, आणि लांबीत कॅनन फक्त १.३२ पट पुढे आहे. लग्नाच्या करिझ्मा अल्बमचंच उदाहरण घ्या. बारा बाय छत्तीसचं जोडपान उघडलं की एका बाजूला बारा बाय अठरा इंचांचा फोटो बसतो. अठरा इंचांत कॅननचे इंचाला ३१२ पिक्सेल पडतात, निकॉनचे २३६. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखतो. पुस्तक धरतो तसं तीस सेंटिमीटरवर धरलं तर हा हिशोब इंचाला २९० च्या आसपास जातो. लॅबवाले ३०० चा आग्रह धरतात तो त्यामुळेच. पण एवढा थोरला अल्बम मांडीवर घेऊन बघताना डोळा निदान अर्ध्या मीटरवर असतो आणि तिथे १७५ पुरतात. म्हणजे ज्या कामासाठी हे कॅमेरे आपल्याकडे सर्वांत जास्त राबले, त्या कामात फरक जवळपास दिसतच नाही. तो दिसतो फोटोचा तुकडा कातरून घेताना. लांबच्या फांदीवरचा खंड्या मोठा करून हवा असेल तर एकवीसचा उपयोग आहे, आणि तो चांगलाच आहे.

आता अंधाराची गोष्ट, जिच्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात.

प्रकाश सलग येत नाही, फोटॉन सुटे सुटे येतात, आणि कधी किती येतील याला नियम नाही. एसटी स्टँडच्या फाटकावर बसून दर मिनिटाला आत येणारी माणसं मोजली तर सरासरी शंभर भरेल, पण एखाद्या मिनिटाला ९१ येतील, एखाद्याला १०८. फोटॉनचंही असंच असतं आणि हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. शंभर फोटॉन आले तर दहाची इकडेतिकड, म्हणजे दहा टक्के. दहा हजार आले तर शंभरची, म्हणजे एकच टक्का. अंधारातल्या फोटोत दिसणारा दाणा मुख्यतः हाच. तो कॅमेऱ्यातला दोष नाही, प्रकाशाचाच स्वभाव आहे. जगातला सर्वांत महागडा सेन्सर आणला तरी तो राहणारच.

निकॉनच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल ८.४५ मायक्रोमीटर रुंद आहे, कॅननचा ६.४. क्षेत्रफळ काढलं तर निकॉनच्या पिक्सेलवर तेवढ्याच वेळात पावणेदोनपट प्रकाश पडतो. त्यामुळे स्क्रीनवर दोन्ही फोटो शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवले की निकॉनचा स्वच्छ दिसतो. दुसरा गट हाच पुरावा दाखवत असतो. पण शंभर टक्क्यांवर पाहताना कॅननचा फोटो १.३२ पट जास्त फुगवलेला असतो, हे सोयीस्कर विसरलं जातं. दोन्ही सेन्सर एकाच मापाचे आहेत, ३६ बाय २४ मिलिमीटर. लेन्सचं छिद्र आणि शटरचा वेग तोच ठेवला तर प्रत्येकावर पडणारा एकूण प्रकाशही तेवढाच. एकाच आकाराचे दोन प्रिंट काढले तर कागदाच्या एका चौरस इंचाच्या वाट्याला आलेले फोटॉनही तेवढेच, मग ते बारा दशलक्ष तुकड्यांत मोजा की एकवीस. डीएक्सओमार्क या चाचणी-संस्थेने सगळे फोटो आधी एका मापावर आणून मोजणी केली. अंधारातल्या कामगिरीत डी७०० ला २३०३ आयएसओ आणि ५डी मार्क २ ला १८१५ असा निकाल आला (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता; इथे आकडा मोठा तितका अंधारात चांगला). आकडे लांब वाटतात, पण हा फरक एक-तृतीयांश स्टॉपचा आहे; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. कॅमेऱ्याच्या चाकाची एक टिकटिक. त्यासाठी मित्रांशी अबोला धरावा असं त्यात काही नाही.

मग दोघांत फरक कुठे आहे? सावल्यांत. पिक्सेलमध्ये साठलेला विद्युतभार बाहेर काढून, वाढवून, त्याचा आकडा करताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःची थोडी भर घालतं. उजेडात ही भर फोटॉनच्या चढउतारात बुडून जाते, काळोख्या भागात ती वर येते. ५डी मार्क २ मध्ये ती विखुरलेली नसून उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या रूपात येते, आणि इथे आपला डोळा घात करतो. विस्कळीत दाणा त्याला चालतो, फिल्मच्या काळात तर तो आवडायचाही. पण आकृतिबंध जरासा दिसला की नजर तिथेच खिळते. नवरदेवाची काळी शेरवानी कमी उजेडात टिपली आणि नंतर संगणकावर तीन स्टॉप उजळवली, तर कॅननच्या फोटोत कापडावर नसलेले पट्टे उमटतात. डी७०० च्या सावल्यांतही दाणा असतो, पण बराच समजूतदार. कॅनन घेणाऱ्याने एवढंच करावं: फोटो काळा काढून मागाहून उजळवण्याऐवजी काढतानाच आयएसओ वाढवावा. या कॅमेऱ्यात ते अधिक स्वच्छ पडतं.

फोकसमध्ये मात्र निकॉन सरळसरळ सरस आहे. एसएलआरचा, म्हणजे अशा आरशाच्या कॅमेऱ्याचा, मुख्य आरसा थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो. मागचा छोटा आरसा तो प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस-सेन्सरकडे वळवतो. तिथे लेन्सच्या दोन विरुद्ध कडांतून आलेल्या प्रतिमा ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींपासून किती आणि कुठल्या दिशेला सरकल्यात, यावरून लेन्स किती आणि कुणीकडे फिरवायची हे एका झटक्यात कळतं. साध्या फोकस-बिंदूला मात्र एकाच दिशेचा तपशील दिसतो. शर्टावरचे पट्टे नेमके उलट दिशेचे असले की तो चाचपडत बसतो. दोन्ही दिशांनी पाहणारा तो क्रॉस बिंदू. निकॉनमध्ये ५१ बिंदू आहेत, त्यातले १५ क्रॉस. कॅननमध्ये नऊ, आणि क्रॉस फक्त मधला. म्हणून कॅननवाले मधल्या बिंदूने फोकस धरतात आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवतात. एरवी चालतं, पण लेन्स एफ/१.४ ला, म्हणजे छिद्र खूप मोठं ठेवून, उघडी आणि चेहरा पार कडेला न्यायचा असेल, तर वळवण्याच्या नादात फोकसची पातळी मागे सरकते आणि डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. निकॉनचेही ५१ बिंदू चौकटीच्या मध्याकडेच दाटलेले आहेत, हेही सांगायला हवं. धावणाऱ्या पोराचा किंवा बैलगाडा शर्यतीचा फोटो काढायचा असेल तर सेकंदाला पाच फोटो घेणारा निकॉनच घ्यावा, कॅनन ३.९ वर थांबतो.

व्हिडिओ हवा असेल तर प्रश्न तिथेच मिटला, कारण डी७०० मध्ये तो नाहीच. कॅननमध्ये फुल एचडी आहे, पण सुरुवातीला फक्त सेकंदाला ३० फ्रेमचा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतो आणि ३० शी त्याचा मेळ बसत नाही. मार्च २०१० च्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या अंगभूत सॉफ्टवेअरने, २४ आणि २५ फ्रेमची सोय झाली. जुनी बॉडी घेताना फर्मवेअर २.०.४ किंवा पुढचं आहे ना, ते मेन्यूत बघून घ्यावं.

लेन्सच्या बाबतीत एक गंमत आहे. लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर, कॅननमध्ये ४४. त्यामुळे अडीच मिलिमीटरच्या पातळ रिंगने जुन्या निकॉन लेन्स कॅननवर बसतात आणि लांबवरचा डोंगरही फोकसमध्ये येतो, अर्थात फोकस हाताने करायचा. उलट जमत नाही. घरात काकांची जुनी निकॉन लेन्स पडून असेल तर ती दोन्हीकडे चालू शकते. शिवाय डी७०० च्या बॉडीत फोकसची मोटर असल्याने स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ (ऑटोफोकस) लेन्सही त्यावर आपोआप फोकस होतात, आणि अशा लेन्स अजून स्वस्तात मिळतात.

एवढं सगळं सांगूनही, पंधराहून अधिक वर्षं जुन्या दोन बॉड्यांत निवड करताना माझ्या लेखी ब्रँडपेक्षा समोरचा नग कसा आहे हे मोठं. दोन्हींचं शटर दीड लाख उघडझापींसाठी तपासलेलं आहे. निकॉनमध्ये आतापर्यंतच्या उघडझापींचा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. विकणाऱ्याकडून मूळ जेपेग मागवावी, पण व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून पडते. कॅननसाठी यूएसबी केबल लावून संगणकावरच पाहावं लागतं. मग दिवसाच्या उजेडात एखाद्या पांढऱ्या भिंतीचा १/८००० सेकंदाला फोटो काढावा. या वेगाला शटरचे दोन पडदे मध्ये बारीक फट ठेवून धावतात. पडदे थकले असतील तर फोटोची एक बाजू काळवंडते. एलईडीच्या उजेडात ही परीक्षा घेऊ नये, तिथे चांगलं शटरही पट्टे दाखवतं. एफ/२२ ला, म्हणजे अगदी बारीक छिद्राने, आभाळाचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. तिची काळजी नको, ती साफ होते.

बुरशी मात्र सहज जात नाही. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवेत जी ओल असते, तिच्यात काचेवर बारीक तंतू धरतात आणि त्यांच्या आम्लाने लेन्सवरचा लेप कायमचा खाल्ला जातो. लेन्सच्या मागून टॉर्च तिरका मारावा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर भाव न करता परत द्यावी. व्ह्यूफाइंडरमध्येही तसंच पाहावं. आणि टॉर्च हातात आहे तोवर कार्डाच्या खाचेत डोकवावं. दोन्ही कॅमेरे जुनं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घेतात, आणि त्यात भोकं कार्डाला, पिना कॅमेऱ्याला असतात. ५० पिना, केसासारख्या. कुणी घाईत कार्ड तिरकं दाबलेलं असेल तर एखादी वाकलेली सापडते.

बॅटरीचा फायदा कॅननला. त्याच्या एलपी-ई६ घराण्यातल्या नव्या बॅटऱ्या आजही मिळतात. निकॉनच्या ईएन-ईएल३ई साठी बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीवर भागवावं लागतं. आपली बॅटरी किती म्हातारी झाली हे दोन्ही कॅमेरे मेन्यूत दाखवतात. विकणारा चहा सांगेपर्यंत तेवढं बघून होतं.