ग्रीन (अल्बम)

'ग्रीन' हा आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा सहावा स्टुडिओ अल्बम. वॉर्नर ब्रदर्सने तो नोव्हेंबर १९८८ मध्ये काढला. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावात १९८० साली जमलेले हे चौघे म्हणजे गायक मायकेल स्टाइप, गिटारवादक पीटर बक, बासवादक माइक मिल्स आणि ड्रमर बिल बेरी. आधीचे पाचही अल्बम त्यांनी आय.आर.एस. या लहान कंपनीकडून काढले होते. अमेरिकेबाहेर आपल्या रेकॉर्डी नीट पोचत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. वॉर्नरने भरघोस रकमेचा करार केला आणि गाण्यात ढवळाढवळ न करण्याची हमीही दिली. ही हमी पैशापेक्षा मोलाची ठरली.

मोठ्या आश्रयाला गेलेला कलावंत स्वतःचा किती उरतो, हा प्रश्न सांगलीला नवा नाही. १८४३ साली सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखालीच विष्णुदास भावे यांनी इथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. १८५१ मध्ये राजा गेला, आणि गावोगाव खेळ करत मंडळी १८५३ मध्ये मुंबईला पोचली. रॉकच्या जगात तर मोठी कंपनी धरली की 'विकले गेले' हा शिक्का ठरलेला. 'ग्रीन'ने त्याला उत्तर दिले ते वाद्यांतून.

या अल्बमात चौघांनी आपापली वाद्ये अदलाबदल करून पाहिली. बकने मँडोलिन हाती घेतले. 'यू आर द एव्हरीथिंग' हे गाणे सुरू होते रातकिड्यांच्या किरकिरीने. मग मँडोलिन, अकॉर्डियन आणि स्टाइपचा जवळून येणारा आवाज. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे सरकवतो. जागा सापडली की एका तारेतून सुरांचा झोत उठतो. ते कान घेऊन ऐकले, तर मँडोलिनच्या जोडतारांची थरथर लगेच ओळखीची वाटते. मोकळ्या तारा घुमत्या ठेवण्याची बकची गिटारवरची सवयही त्याच जातीची.

निर्मितीत स्कॉट लिट बँडच्या जोडीला होता. 'स्टँड' हे मुद्दाम बाळबोध चालीचे गाणे अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेले. 'ऑरेंज क्रश'च्या मागे व्हिएतनाममध्ये फवारलेले विषारी रसायन आहे. स्टाइपचे शब्द तोवर अस्पष्टतेसाठी प्रसिद्ध होते; इथे मात्र 'वर्ल्ड लीडर प्रिटेंड'चे शब्द त्याने प्रथमच छापू दिले. अल्बमचे नाव हिरवे, कव्हर नारिंगी.

मँडोलिनची ही वाट पुढे १९९१ च्या 'आउट ऑफ टाइम'पर्यंत गेली आणि तो अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. पण नव्या कंपनीत बँड किती मोकळा होता, हे 'ग्रीन'च्या अकराव्या, शेवटच्या गाण्यात जास्त दिसते. त्यात ड्रम बेरीने नव्हे, गिटारवाल्या बकने वाजवले आहेत. गाण्याला नाव दिलेले नाही. वॉर्नरने ते तसेच, बिननावाचे बाजारात आणले.