तुलनेला पुरुषच नाही: आरोग्यसेवेतल्या बायकांच्या कमाईची पार्श्वभूमी

ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात कायम नोकरीत असलेल्या सिस्टरची आणि ब्रदरची (पुरुष परिचारकाची) वेतनश्रेणी एकच. म्हणून आरोग्य खात्यात बाई-पुरुष असा भेद नाही, असं बरेचजण मनापासून मानतात. भेद आहे, पण तो कुठल्या पदांवर कोण नेमलं जातं यात आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२२ च्या अहवालानुसार या क्षेत्रात जगभर ६७ टक्के बायका आहेत, आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी कमी आहे.

आपल्याकडे समान वेतनाचा वटहुकूम १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात निघाला. १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. एकाच मालकाकडे सारखं काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकाच पगार, हा त्याचा गाभा. पण जे काम फक्त बायकांनाच दिलं, तिथे तुलना कुणाशी करायची?

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’, म्हणजे आपल्याच वस्तीत घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या बायका, आल्या. २०१३ च्या शहरी अभियानानंतर ठाणे, नवी मुंबईच्या वस्त्यांमध्येही त्या दिसू लागल्या. पद बायकांसाठीच, दर्जा स्वयंसेविकेचा, आणि मोबदला कामागणिक, वर राज्याचं मानधन. दिघ्याच्या चाळीत बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिच्या दारात असते. बाळाचं वजन, ताप, नाळ, अंगावर पितंय ना, सगळं बघते. या सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. तेही जन्मनोंद, लसीकरण झालेलं असेल आणि ४२ व्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप असतील तर, असा मूळ नियम. बाळ दगावलं तर तिने घातलेल्या खेपांचं मोल शून्य, हे मला कधीच पटलेलं नाही.

योजनेत राबणाऱ्या या बायकांना कामगार माना, अशी शिफारस सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. कामगाराचा दर्जा मात्र मिळाला नाही. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभर संप झाला, आशा ठाण्यातही येऊन बसल्या, तेव्हा कुठे राज्याच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ झाली.

१९७६ चा कायदा आता वेतन संहितेत, म्हणजे पगाराचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या नव्या कायद्यात, विलीन झाला आहे. त्यातही तुलना एकाच मालकाच्या कर्मचाऱ्यांमध्येच होते, आणि आशाताई सरकारी कागदावर अजून कर्मचारी नाही.